मोराचा पिसारा बाकी हाय

...टेकू नका! अवो टेकू नका त्या खांबाला, वरनं रंग गळालाय तिथं, ओला हाय अजून! इकडं बाकड्यावर बसा. तुमच्या प्यान्टीचं सांगतो, हातातच घेतो आता, पण आधी मान वर करा आन् ती गॅलरी बघा. बघितली? अर्धं रेलिंग काळं, अर्धं तांबडं, आन् मधी ती कोंबडी. कोंबडी न्हाय हो ती, मोर हाय! हसू नका. मोर हाय त्यो, फक्त त्याचा पिसारा बाकी हाय. बंडप्पा वेल्डरला इचारा, तो काय म्हणतो? 'दादा, झालंय सगळं. फक्त फिनिशिंग बाकी हाय!'

तुमाला सांगतो, तीस वर्षं झाली मला या मशिनीवर. निम्म्या कळंबच्या ढेऱ्यांचा घेर तोंडपाठ हाय मला. जन्मभर दुसऱ्याची मापं घेतली, म्हणलं एकदा आपल्यासाठी काहीतरी झोकात करावं. दुकानावर दोन खोल्या चढवल्या, रस्त्याच्या अंगाला गॅलरी काढली, आन् ठरवलं, हिला असं नक्षीचं लोखंडी रेलिंग बसवायचं की बाजाराला आलेल्या माणसानं थांबून इचारलं पायजे, घर कुणाचं म्हणून! आन् खोटं कशाला बोलू, साडूला दाखवायचं होतं. हिंमतराव, आमचा साडू, सोलापूरचा. त्याच्या घराला स्टीलचं रेलिंग हाय, आन् त्ये रेलिंग तो दर कार्यात सांगतो. लग्नात सांगतो, बारशात सांगतो, तेराव्याला सुद्धा सांगतो! घरचं माणूस गेलेलं असतंय आन् ह्यो माझ्या कानात, 'शिवशंकरराव, काय ग्लेज हाय म्हणता! हात फिरवला की गाऽर लागतंय!' चार वर्षं मी त्ये गार लागणं ऐकतोय.

तर बंडप्पा. येरमाळा रोडला शेड हाय त्याचं. कारागीर म्हणायची लाज वाटती मला, पण बोलायला एक नंबर. महाशिवरात्रीला आला माप घ्यायला. काय इसरला? टेप! वेल्डर मापाला येतो आन् टेप इसरतो, म्हंजे डॉक्टरनं पेशंट बघायला यावं आन् नळीच घरी ठिवावी! म्हणला, 'दादा, तुमचाच द्या की!' दिला. ह्यो गळ्यातला, कापडी. मोबाईलवर मला फोटो दाखवले, पीळ दिलेल्या सळया, द्राक्षाचा वेल, मधी पिसारा फुलवलेला मोर. मी म्हणलं, मोर पायजे. ठळक पायजे. 'दादा, पाडव्याच्या आत मोर तुमच्या गॅलरीत!' त्या दिवशी त्यानं माझ्या गॅलरीचं माप घेतलं, जाता जाता शर्टाचं कापड टाकलं, मेहुण्याच्या लग्नाला घालायचा म्हणून, तर मी त्याच्या छातीचं माप घेतलं. मिटलं.

पाडवा आला. फोन लावला. 'दादा, निघालोय, गाडीवरच हाय!' मागं ग्राइंडर किंचाळतंय! आरं, कसली गाडी तुझी, ठिणग्या उडवती? मग म्हणला येडाईची यात्रा होऊ द्या. यात्रा झाली, पावणे गेले, पाळणे गेले, तरी ह्याचं आपलं चालूच. शेवटी म्या स्वतः गेलो शेडवर. सळया सरळ उभ्या! म्हणलं पीळ कुठाय? 'पीळ फिनिशिंगला.' आरं बाबा, जोडून झाल्यावर पीळ कसा देणार? 'त्ये आमच्यावर सोडा, दादा. फिनिशिंगमदी सगळं निघतं.' आन् वर मलाच इचारतो, 'दादा, माझा शर्ट?' बघा निर्लज्जपणा! मी म्हणलं, शर्ट झालाय, काज-बटन तेवढं राहिलंय. त्ये वेगळं हो! काज-बटन म्हंजे काय मोराची शेपूट हाय का? लगीनसराईत माणसाला हात किती असतात?

अक्षय तृतीयेची वास्तुशांती. पत्रिका वाटून झाल्या, सोलापूरला मी स्वतः जाऊन दिली. आन् रेलिंग कधी आलं? त्या दिवशी सकाळी! खाली गुरुजी होम पेटवतायत, वर ह्यो वेल्डिंग करतोय, दोघांचा धूर एकच. बसवलं तर दोन इंच कमी! भिंत आन् रेलिंग यांच्यामदी फट. मी म्हणलं, बंड्या, ह्ये काय? तर सगळ्या पावण्यांसमोर म्हणतो, 'दादा, टेप तुमचा होता. तीस वर्षं वापरून ताणलाय त्यो!' माझी इज्जत काढली! माझी दोन जुनी गिऱ्हाईकं तिथंच पंगतीला बसली होती, ती एकमेकांच्या शर्टाच्या बाह्या बघाय लागली. त्या फटीला आता नायलॉनची दोरी बांधलीय. हां, ती हिरवी, तीच.

आन् रंग? रेड ऑक्साईड! नुसता तांबडा अस्तराचा हात मारला, ओला, वास्तुशांतीच्या दिवशी. मोराला बिनशेपटाचा उभा केला. आन् जोड म्हणाल तर ठिकठिकाणी नुसते टाके! आमच्या धंद्यात त्याला कच्ची शिलाई म्हणत्यात, माणूस वाकलं की उसवती. आमची बायको प्रेमा जिन्यातच उभी, वर कुणाला सोडंना. पण हिंमतराव थांबतोय व्हय? पांढरीशुभ्र सफारी, घडी मोडलेली न्हाय, सरळ वर गेला, आन् रुबाबात रेलिंगला पोट लावून उभा राहिला. रेलिंग म्हणलं, कर्रर्र! मी धावलो, सफारीचा पाठीमागचा पट्टा धरून मागं ओढला. साडू वाचला. पण पोटावर आडवा तांबडा पट्टा, ह्या खिशापास्नं त्या खिशापतोर! आन् माणूस काय बोलला? 'शिवशंकरराव, गार न्हाय लागत ह्ये. पण कोंबडी बाकी झ्याक काढलीय!' आख्खी पंगत हसली हो. मला वाटलं, धरणी फाटावी आन् मी बंडप्पासकट आत जावं.

ह्याला झाले तीन महिने. जोड पक्के केले त्यानं, रोज शिव्या घातल्या तवा. पण रंग? पिसारा? 'फक्त फिनिशिंग बाकी हाय!' शेवटी आज उगवला. आज! बाजारचा दिवस! रंगाचा फवारा, पंप, सगळं घेऊन वर चढला आन् अंगावर काय? बनियान! भोकाचं! मी खालनं ओरडलो, आरं अंगात घाल की काहीतरी! तर गॅलरीतनं वाकून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणतो, 'एक शर्ट मळंल म्हणून काढून ठिवलाय, दादा. दुसरा तुमच्याकडंच हाय, महाशिवरात्रीपास्नं!' आन् त्याच्या बरोबर पायाखाली माझा बोर्ड. 'शिवशंकर जेन्ट्स टेलर्स. वेळेवर हमखास.' लोकं थांबली. मान वर करून बघाय लागली. माझी इच्छा पुरी झाली बघा! एकानं इचारलं सुद्धा, 'घर कुणाचं हो?'

आता काय करतो? डोकं सटकलं माझं. म्हणलं, थांब, तासाभरात तुझ्या अंगावर शर्ट चढवतो, मग बघू कोण वेळेवर न्हाय त्ये. बसलो काजाच्या मशिनीवर. वर त्याचा पंप भुर्रर्र, खाली माझी मशीन खडखडखड. त्याचं अर्धं रेलिंग काळं झालं, माझी तीन काजं झाली, मी मनात म्हणलं, जिंकतोय गड्या... आन् लाईट गेली.

लाईट गेली हो! पंप बंद, मशीन बंद. घंटाभर दोघं हात बांधून. नंतर आली लाईट, पण आता तो म्हणतो, 'आधी बटनं, मग पिसारा.' मी म्हणलं, आधी पिसारा! तर तीन काजांचा, बिनबटनांचा शर्ट तसाच घातला, फटफटीला किक मारली आन् गेला. हाय अशी नालायक जात कारागिराची! दिलेल्या शब्दाला काडीची किंमत न्हाय! माणसानं गिऱ्हाईकाला किती हेलपाटे घालायला लावायचे? काय वाटत नसंल का ह्यांना?

...तुमी कशाला हसताय? काय? प्यान्ट? आता देऊ?

झालीय की हो तुमची प्यान्ट. तिसऱ्यांदा आलाय, माहिताय मला. सगळी झालीय, फक्त... फिनिशिंग बाकी हाय.