योनाची बोट

आमच्या चर्चच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचं नाटक मी आता दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. यंदा गाणी, खेळ, हस्तकला आम्ही बायकांनी वाटून घेतली आणि योनाचं नाटक शेजारच्या सुर्वेकाकांना दिलं. काका तीस वर्षं मालवाहू जहाजावर होते, म्हटलं बोटीतलं त्यांना कळतं. तालमी त्यांच्याच अंगणात झाल्या, मी काही फिरकले नाही.

बायबलातली गोष्ट साधी. वादळात खलाशी योनाला समुद्रात टाकतात आणि मासा त्याला गिळतो.

पालकांसमोर वादळ झकास झालं. पोरांनी योनाला खाली ढकललं आणि लगेच शिट्टी वाजली. एकाने ट्यूब फेकली, चौघांनी दोर ओढला आणि योना परत बोटीवर. पुठ्ठ्याचा मासा तोंड उघडून उभाच राहिला.

मी पडद्याआडून म्हटलं, "काका, त्याला माशाच्या पोटात जायचंय."

"बाई, माणूस पडला की काढायचा. मी तेवढंच शिकवलंय."

"पण देवाचीच तशी इच्छा होती."

"असेल. तसं लेखी कुठाय?"

मी हातातलं बायबल पुढे केलं. काकांनी चष्मा लावून ते पान नीट वाचलं.

"आणि कॅप्टनची सही?"