गुरवाच्या अंगावरची वाफ

देवाला नमस्कार झाला, वाद्यांना झाला. आता तुम्हाला करतो आणि एक प्रश्न विचारतो. खरं उत्तर द्यायचं हं! आज सकाळी गार पाण्यानं अंघोळ कुणी केली? हात वर करा.

एक... दोन... अहो आजोबा, तुमचा हात वर आहे की कानटोपी सारखी करताय? कानटोपी! बरं. म्हणजे कीर्तनाच्या एवढ्या भरल्या मंडपात दोघं. आणि पेटीवरचे आमचे दामूअण्णा गालातल्या गालात हसतायत. अण्णा, हसू नका. मी तुमच्याच शेजारच्या खोलीत उतरलोय, मोरीचा आवाज मला ऐकू येतो. आज आलेला नाही!

असो. आता दुसरा प्रश्न. आज पहाटे या गाभाऱ्यात देवाला अभिषेक झाला, तो कुठल्या पाण्यानं? विहिरीच्या. पौषातल्या थंडीत, गारढोण पाण्याची घागर, सरळ डोक्यावरून! देव काही बोलला? नाही. तो बोलत नाही म्हणून आपलं बरं चाललंय. तर मंडळी, प्रश्न असा आहे: जे आपल्या अंगाला सोसत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर ओतण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

उत्तर मी देणार नाही. बाळकोबा गुरव देईल. ऐका.

धामणटेक नावाचं गाव. डोंगराच्या पायथ्याला भैरोबाचं देऊळ. देवळाला लागून बारव, म्हणजे पायऱ्या उतरून आत जायची दगडी विहीर. आणि डोंगराच्या माथ्यावर देवाचं मूळ ठाणं. मध्ये पायऱ्या किती? दोनशे साठ! माघी पौर्णिमेला यात्रा. त्या दिवशी देवाचा चांदीचा मुखवटा ताटात ठेवून, ताट डोक्यावर घेऊन, अनवाणी वर न्यायचा. नेणार कोण? गुरव. सात पिढ्यांचा मान! अट एकच, वाटेत टेकायचं नाही.

आणि रोजचा नेम काय? गुरवानं पहाटे बारवेत बुडी मारायची, तसंच ओलेत्यानं पाणी भरायचं आणि देवाला घालायचं. बापानं केलं, आज्यानं केलं. बाळकोबानंही केलं, लग्न होईपर्यंत! मग सासऱ्यानं लग्नात बंब दिला. तांब्याचा, लखलखीत, मध्ये विस्तव, भोवती पाणी. आणि मंडळी, इथं आमचा गुरव घसरला.

त्याचं काय झालं, मागल्या यात्रेला देव घेऊन निघाला आणि साठाव्या पायरीलाच गुडघे बोलायला लागले. शंभराव्या पायरीवर बसला. लोक म्हणाले, काय झालं? हा म्हणतो, "देव म्हणतोय, जरा थांबू या." बरं! देवाचीच इच्छा! दीडशेव्या पायरीवर देवाची पुन्हा इच्छा झाली. दोनशेव्या पायरीवर तर देव पाव तास उठेचना! तेव्हा गावाचे वडीलधारे मानकरी गेनूतात्या पुढं आले आणि हळूच म्हणाले, "बाळकोबा, पुढल्या साली देवाला एवढी विश्रांती लागली, तर मान तुझ्या चुलतभावाच्या घरी जाईल."

आता चुलतभाऊ कसा? घरासमोरच राहणारा, आणि तेव्हापासून रोज अंगणात बैठका मारणारा! खोल जखम झाली हो बाळकोबाच्या मनाला. त्यानं ठरवलं, गुडघे बरे करायचे. उपाय? गरम पाणी. आता गरम पाणी वाईट असं मी म्हणत नाही, शेकानं बरं वाटतंच. पण याचा थाट बघा! पहाटे अर्धा तास कढत पाण्यात बसायचं, मग घोंगडी, मग पुन्हा झोप. चालणं बंद, पायऱ्या बंद. दुखलं की कढत, नाही दुखलं तरी कढत! गुडघे सुधारतील कसे? ते लाडावले.

आणि देवाचा अभिषेक? तो चालू होता. फक्त बुडी बंद. घरी कढत अंघोळ करायची, घोंगडी पांघरून मागच्या दारानं देवळात शिरायचं, धोतरावर तांब्याभर पाणी शिंपडायचं, की झालं ओलेतं! मग बारवेतनं दोरानं घागर ओढायची आणि देवाच्या डोक्यावर रिकामी करायची. दामूअण्णा, सूर धरा. साकी आहे. माझीच जुळवाजुळव आहे, गोड मानून घ्या:

देवावरती गार घागरी, आपण बंबापाशी।
भक्ती ऐसी ऊब शोधते, निजते घोंगडीपाशी॥

पण चोरी पकडली जाते, मंडळी. पकडली गेली का? नाही! इथं उलटंच झालं. एका पहाटे कडाक्याची थंडी. काकडआरतीला गेनूतात्या पुढं उभे. गुरव आला, घोंगडी टाकली, आणि समईच्या उजेडात तात्यांनी काय पाहिलं? गुरवाच्या खांद्यांवरनं वाफ निघतेय! पांढरी, हळूहळू वर चढणारी वाफ. कढत पाण्यातनं आलेला माणूस, गार हवा, वाफ निघणारच! पण तात्यांना वाटलं, या थंडीत बारवेत बुडी मारून हा माणूस आला आणि याच्या अंगातनं वाफ? हे तर तेज आहे! सत्तर वर्षांचे तात्या वाकले आणि गुरवाच्या पाया पडले.

आता खरं सांगा, त्या वेळी बाळकोबानं काय करायला हवं होतं? "तात्या, उठा, ही बंबाची वाफ आहे." एवढंच! सहा शब्द! पण पायावर कुणाचं डोकं आलं ना मंडळी, की जीभ जड होते. आम्हा बुवा लोकांना हा अनुभव फार आहे.

आठ दिवसांत पंचक्रोशीत बोभाटा झाला. वाफ बघायला माणसं यायला लागली! कुणी पोराला याच्या खांद्यावरच्या वाफेत धरी, कुणी टोपी धरी. एका आजीनं तर भिजवलेले हरभरे धरले, मोड लवकर येतात म्हणाली! बाळकोबा खूश. पाणी आणखी कढत घ्यायला लागला, वाफ जास्त निघावी म्हणून.

आणि मग पौष पौर्णिमेला मानकऱ्यांची बैठक भरली. ठराव झाला: येत्या यात्रेत गुरवानं सगळ्या गावासमोर बारवेत सात बुड्या माराव्यात, तशाच वाफाळत्या अंगानं देव डोक्यावर घ्यावा आणि माथ्यावर न्यावा. हात जोडून विचारलं, चालेल ना महाराज? हा म्हणाला, चालेल. काय म्हणणार?

घरी आला आणि ओसरीवर मटकन बसला. एक महिना राहिला. गार पाण्यात उतरलो तर वाफ नाही, गुडघ्यांचा भरवसा नाही, मान जाणार, आणि वर अब्रूही जाणार! बायको तांदूळ निवडत होती. ठकूबाई तिचं नाव. बारीक अंगाची, पायात भिंगरी असल्यासारखी फिरणारी. तिला सगळं सांगितलं. ती वर न बघता म्हणाली, "एवढंच ना? मग गार पाण्याची सवय करा की."

"सवय?" हा चिडला. "बोलायला काय जातंय तुझं? पौषातलं पाणी अंगावर घेऊन बघ एकदा."

ठकूबाई म्हणाली, "बावीस वर्सं घेतीया."

हा सरसावून बसला. म्हणाला, "का? घरात बंब आहे."

"बंब हाय की. पैल्यांदा तुम्ही. मग सासूबाई, मग चार पोरं. तुमची समद्यांची हुईस्तवर इस्तू इझतो आन् पाणी गार पडतं. माझ्या वाट्याला येतं तवा बारवेचं आन् बंबाचं एकच."

थांबा. हसू नका इथं. बावीस वर्षं, मंडळी! एक घर, एक मोरी, एक बंब. त्या बंबाला पहाटे उठून काटक्या घालणारी ही, वरून पाणी भरणारी ही, राख काढणारी ही. आणि नवऱ्याला ठाऊक नाही की बायको कुठल्या पाण्यानं न्हाते! आणि वर नवरा डोळे बारीक करून विचारतो काय, तर "मग तुला काही होत कसं नाही?"

ती म्हणाली, "पैल्या वर्सी रडले. मग सवय झाली. आता उलट बरं वाटतं. अंग हलकं ऱ्हातं. दिवसभर डोंगर चढा-उतरायचा, तर पायांना तेच पाणी मानवलं."

दुसऱ्या पहाटेपासून शिकवणी सुरू. गुरू कोण? ठकूबाई! बाळकोबा जोशात बारवेत उडीच मारायला निघाला. तिनं धोतराचा सोगा धरून मागं ओढला. म्हणाली, आधी नुसती पावलं. पहिल्या दिवशी पावलं बुडवली तर याचे दात असे वाजायला लागले की काय सांगू! तबलजी, दाखवा जरा... हां! अगदी असे! तिसऱ्या दिवशी गुडघे. आठव्या दिवशी कंबर. श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं नाव घ्यायचं, थोडा वेळच थांबायचं, बाहेर येऊन खरखरीत पंचानं अंग लाल होईस्तवर पुसायचं. आणि मग? घोंगडीत नाही! पायऱ्या. रोज वीस जास्त. आणि उतरून आलं की पुन्हा गुडघाभर पाण्यात घटकाभर पाय सोडून बसायचं. ठणका निवायचा.

इथं एक सांगून ठेवतो. ज्यांना छातीचा त्रास असेल, रक्तदाब असेल, अंगात ताप असेल, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. उद्या पहाटे धाडकन विहिरीत उडी मारायची आणि बुवांनी सांगितलं म्हणायचं, असं चालणार नाही!

तर बाळकोबाचं काय झालं? पंधरा दिवसांत गुडघ्यांची सूज उतरली. महिना भरेपर्यंत झोप गाढ लागायला लागली, पोरांवर खेकसणं कमी झालं. पहाटे बारवेतनं बाहेर आला की हा गुणगुणायला लागला. पण आता देवळात वाफ निघेना! लोक विचारायचे, तर हा म्हणायचा, यात्रेसाठी राखून ठेवलीय. खोटं अजून सुटलं नव्हतं, मंडळी. गार पाण्यानं अंग धुतलं जातं. बाकीचं ज्याचं त्यानं धुवायचं असतं.

आली माघी पौर्णिमा. बारवेच्या चारी बाजूंना माणूसच माणूस. बाळकोबा उतरला. एक बुडी, दोन, तीन... सात! बाहेर आला. ताठ उभा राहिला. सगळं गाव त्याच्या खांद्यांकडे बघतंय. वाफ नाही. कशी येणार? अंग गार, पाणी गार! गर्दीत माना उंचावल्या. चुलतभावानं घसा खाकरला.

गेनूतात्या म्हणाले, "बाळकोबा, वाफ कुठं हाय?"

उत्तर याच्याजवळ तयार होतं, बरं का! रात्रभर घोकलेलं. म्हणायचं होतं, गर्दीत कुणीतरी विटाळ केलाय, म्हणून देव कोपला. लोकांनी मानलंही असतं! आणि मग कुणा गरिबाच्या डोक्यावर ती घागर रिकामी झाली असती? तोंड उघडलं त्यानं. आणि तेवढ्यात पायरीवर उभी असलेली ठकूबाई दिसली. हातात कोरडा पंचा घेऊन उभी होती, रोजच्यासारखी.

आणि बाळकोबा म्हणाला, "तात्या, वाफ बंबाची होती. देवाला गार घालत होतो आणि स्वतः कढत घेत होतो. तुम्ही पाया पडलात ते बंबाच्या."

तात्या त्याच्यासमोर आले. मग म्हणाले, "मंग माझं पाया पडणं परत कर."

बाळकोबा तिथल्या तिथं, ओल्या अंगानं, तात्यांच्या पायांवर वाकला. तात्यांनी त्याच्या पाठीला हात लावला. पाठ बर्फासारखी गार. तात्या म्हणाले, "आता खरा ओलेता आलास. उचल देव. पर बसलास तर मान गेला."

उचलला! साठ पायऱ्या झाल्या, गुडघे गप्प. शंभर झाल्या. दीडशेला पोटऱ्या भरून आल्या. दोनशेला चुलतभाऊ मागनं म्हणाला, "देव काही म्हणतोय का रे?" याचे पाय थरथरत होते. म्हणाला, "म्हणतोय. चल म्हणतोय." आणि मंडळी, दोनशे साठावी पायरी चढला तेव्हा पहिल्यांदा डोक्यावरचं ताट खाली आलं, ते देवाच्या ठाण्यावर! घाला टाळी!

संपलं का आख्यान? नाही. थोडं राहिलंय, आणि तेच माझं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळकोबा बायकोच्या आधी उठला. बंब पेटवायला बसला. जन्मात कधी पेटवला नव्हता! घरभर धूर, म्हातारी आई खोकतेय, पोरं उठून बसली. शेवटी एकदाचा पेटला. पाणी तापलं. मोरीत बादली भरून ठेवली आणि म्हणाला, "आज पहिली तू."

ती म्हणाली, "मला गारच बरं."

हा म्हणाला, "मग उद्यापासून गार घे. पण मनानं घे. उरलंय म्हणून नको."

ठकूबाई आत गेली. बाहेर रांग लागली. सासूबाई करवादल्या, पोरं दार वाजवायला लागली. बाळकोबा दाराशी बसून राहिला. म्हणाला, "तिचं होऊ दे." कितीतरी वेळानं दार उघडलं. ठकूबाई अंगणात आली. थंडी मरणाची, नुकतं उजाडत होतं, आणि तिच्या खांद्यांवरनं, ओल्या केसांवरनं पांढरी वाफ निघत होती.

बाळकोबानं ती बघितली. आणि उभ्या उभ्या हात जोडले.

तर मंडळी, उद्या गार पाण्याचा पहिला तांब्या पायावर घ्या, मग गुडघ्यावर, जमेल तसं, झेपेल तसं. अंगाला बरं वाटेल. पण त्याआधी एक काम करा. मी आज सकाळी यजमानांच्या घरी उतरलोय. मला बादलीभर कढत पाणी मिळालं. चांगलं घसघशीत न्हालो आणि इथं येऊन तुम्हाला गार पाण्याच्या गोष्टी सांगतोय! आणि हे सांगता सांगता आत्ता ध्यानात आलं, त्या घरात माझ्यामागनं शेवटी कोण न्हालं आणि कुठल्या पाण्यानं, हे मी विचारलंच नाही. मी परत गेल्यावर विचारणार आहे. तुम्ही तुमच्या घरी विचारा. तिकडं बायकांच्या बाजूला आत्ताच सगळ्याजणी एकमेकींकडं बघून हसतायत. आणि पुरुषांच्या बाजूला, बघा, कुणी मान वर करत नाहीये.

भैरोबाचं नाव घ्या, आणि उठा.