नखावरचा पांढरा

...आणि वर मलाच विचारते, "आई, तुम्हाला हा खरंच पांढरा दिसत नाही?" मला! मला विचारते! अहो, सव्वीस वर्षं गाड्यांचे रंग जुळवतेय मी, सव्वीस! तुमच्या गाडीचं दार चेपतं, तुम्ही वर्कशॉपमध्ये आणता, पत्रा ठोकणारा पत्रा ठोकतो, फवारा मारणारा फवारा मारतो, पण त्या एका दाराचा रंग उरलेल्या गाडीशी जुळवून डब्यात मिसळून कोण देतं? मी! तुम्हाला सांगते, गिऱ्हाईक गाडीभोवती तीन-तीन चकरा मारतं आणि शेवटी विचारतं, "ह्यातलं नवीन रंगवलेलं दार कुठलं?" मी आपली चिंध्यांना हात पुसत उभी असते. बोलायचं काय त्यात? तर अशा मला ही कालची पोरगी पांढरा म्हणजे काय ते शिकवणार? मी म्हटलं, बाई गं, बाकी काय ते सांग, रंगातलं मला सांगू नकोस!

आता सून वाईट आहे असं नाही हं, गैरसमज नको. गुणाची आहे. मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरात आमचे हे, मी आणि ही, तिघंच. मोठ्या दुकानात काम करते, लिपस्टिक, पावडर, नेलपॉलिश, त्या काउंटरला. तर तिच्याकडे सहा नवीन रंग आले नेलपॉलिशचे, आणि तिच्या साहेबांनी सांगितलं, घरी न्या, लावून बघा, सोमवारी गिऱ्हाइकांना समजावून सांगता आले पाहिजेत. रविवार दुपार. मी आपली निवांत बसलेली, तर ही बाटल्या घेऊन आली आणि म्हणते, "आई, तुमच्याच नखांवर बघूया ना, तुमच्याइतकं रंगातलं कळणारं घरात दुसरं आहे कोण?" झालं! चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. काय करणार, माणूस खरं बोललं की बरं वाटतंच.

आणि काय सांगू तुम्हाला, तिने बाटली उघडली आणि ब्रश थेट नखावर! थेट! मी ओरडलेच, "थांब!" बिचारीच्या हातातून झाकण उडालं. अगं, नख पुसलंस? तेलकटपणा काढलास? घासलंस? उघड्या पत्र्यावर कोणी रंग मारतं का? म्हणते, "आई, हा पत्रा नाहीये, तुमचं बोट आहे." म्हटलं, रंगाला काय कळतंय ते! मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. दहाही नखं बारीक कागदाने घासली. पुसली. नखाच्या कडेने कातडीवर चिकटपट्टी लावली, गाडीच्या काचेला लावतो ना आम्ही, तश्शी. पातळ पहिला हात. वाळू द्यायचा. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते! मग दुसरा हात. उजव्या हाताने डावा आणि डाव्या हाताने उजवा, दोन्ही सारखेच चालतात माझे, विचारा कोणालाही. आमचे हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता रिटायर झालेत, म्हणजे आता आम्हाला दुरुस्त करतात. पेपरच्या आडून म्हणतात कसे, "अगं, नखं रंगवतेयस की बस?" मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. चिकटपट्टी ओढून काढली आणि दहा नखं समोर धरली. एक ओघळ नाही, एक बुडबुडा नाही, केसाएवढा रंग बाहेर नाही! सून बघतच राहिली. म्हणाली, "आई, आमच्याकडे कोर्स केलेल्या मुलींना असं जमत नाही." मी म्हटलं, असू दे, असू दे. पण मनात म्हटलं, कसं जमेल?

बरं, त्या रंगांची नावं तर ऐका! एकाचं नाव 'पहिलं पत्र'. एकाचं 'धुकं'. 'मखमल'. 'शांत सरोवर'. अहो, रंग आहे की कवितासंग्रह? मी एकेकाची ओळख करून दिली तिला. ही मखमल ना, ही आमच्याकडे येणाऱ्या दातांच्या डॉक्टरची गाडी, मागचा बंपर दर दोन महिन्यांनी फुटतो. शांत सरोवर म्हणजे पाण्याचा टँकर. आणि धुकं? धुकं कसलं, प्रायमर आहे तो, अजून वरचा रंग द्यायचा राहिलाय! सून हसतेय, लिहून घेतेय, मी खिडकीत नेऊन दाखवतेय, ट्यूबखाली दाखवतेय, बाथरूममधल्या पिवळ्या बल्बखाली दाखवतेय. कारण रंग तिन्ही उजेडांत बघायचा असतो, एका उजेडात तो खोटं बोलतो. ह्यांना बाथरूमला जायचं होतं, ते बाहेर उभे. "नखं आत आणि माणूस बाहेर?" म्हटलं, थांबा, काम चाललंय!

आणि मग आला सहावा. दोन्ही अंगठ्यांवर. बाटलीवर नाव, 'शुभ्र'. मी बघितला... परत बघितला... म्हटलं, हा शुभ्र नाही. सायीचा रंग आहे हा. पिवळा थेंब पडलाय ह्यात, चांगले दोन थेंब पडलेत. सून म्हणते, "नाही हो आई, पांढराशुभ्र आहे." म्हटलं, लेबल वाचून बोलतेयस, रंग बघून नाही! लेबलं आमच्या डब्यांनाही असतात. चुकीची बाटली पाठवलीय कंपनीने, उद्या सांग साहेबांना. ती म्हणते, "आई, नक्की ना?" नक्की ना म्हणे! रंगातलं मला सांगू नकोस!

आणि हिने सांगितलं हो. माझ्या शब्दावर. सोमवारी भर दुकानात साहेबांना म्हणाली, चुकीचा रंग आलाय, परत पाठवा. साहेबांनी दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली, चार मुली गोळा केल्या, सगळ्यांनी सांगितलं, पांढरा. आणि तो साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हालाच रंग कळत नसेल तर ह्या काउंटरला उभ्या कशाला राहता?" पोरगी संध्याकाळी घरी आली ती डोळे पुसत. पुढच्या महिन्यात तिला पर्मनंट करणार होते! आणि मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझा पारा असा चढला म्हणता! म्हटलं, आत्ता सिद्ध करते. ह्यांना म्हटलं, पांढरा कागद आणा. आणला. अंगठा त्यावर ठेवला. म्हटलं, हा कागद जुना आहे, पिवळा पडलाय. हे म्हणाले, "नवीन रीम आहे, आत्ता फोडली." बरं, म्हटलं, बशी आणा. बशीही सायीची. म्हटलं, ही नीट घासलेली नाही. सुनेने निमूटपणे परत घासून आणली. तशीच! मग माझं लक्ष गेलं ह्यांच्या बनियनकडे. म्हटलं, शोभतं का हे ह्या वयात, इतका पिवळा बनियन घालून बसता, लोक काय म्हणतील माझ्या धुण्याला? तर हे म्हणतात, "अगं, आज सकाळी पाकिटातून काढलाय. लेबल टोचतंय अजून मानेला."

आता मी थांबले. कारण तुम्हाला सांगते, आमच्या कामात एक नियम आहे. एक नमुना चुकला तर रंग चुकला. पण सगळेच नमुने एकाच बाजूला चुकले, तर रंग नाही चुकत. तर दिवा चुकतो. नवीन माणसाला पहिल्या दिवशी मीच शिकवते हे. म्हटलं, दिवा बदला. हे स्टुलावर चढले, ट्यूब बदलली. पिवळा. दुसऱ्या दिवशी उन्हात जाऊन बघितलं. पिवळा. म्हणजे दिवा ठीक. रंग ठीक. कागद, बशी, बनियन, सगळं ठीक. मग मधे उरलं काय?

मी डावा डोळा झाकला. अंगठा सायीचा. उजवा डोळा झाकला... आणि अंगठा थोडा पांढरा झाला. परत डावा झाकला, साय. परत उजवा. तिथे अंगणात उभी राहून मी किती वेळ डोळे झाकत-उघडत होते कोण जाणे, समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना वाटलं मी त्यांना डोळा मारतेय, ते आत निघून गेले.

खरं सांगते, घाबरले. अहो, माझ्याकडे आहे काय दुसरं? शिक्षण यथातथाच, हिशोब येत नाही, स्वयंपाक जेमतेम. हे दोन डोळे. ह्या दोन डोळ्यांवर मुलाचं शिक्षण केलं, ह्या दोन डोळ्यांवर ताठ मानेने चालले. आणि गेल्या वर्षभरात तीन गाड्या परत आल्या होत्या वर्कशॉपमध्ये, तिन्ही पांढऱ्या, "दार वेगळं दिसतंय" म्हणून, आणि तिन्ही वेळा मी गिऱ्हाइकालाच झापलं होतं!

डोळ्यांची डॉक्टर म्हणाली, मोतीबिंदू. उजवा जास्त, डावा कमी. काच पिवळी होत जाते म्हणे आतली, हळूहळू, माणसाला कळत नाही. मी म्हटलं, बाई, मला कळलं. म्हणाली, "कमाल आहे, लोक ठेचकाळून पडेपर्यंत येत नाहीत, तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, कुणी सांगायला कशाला हवं? मी नेलपॉलिश लावून काढला शोधून! तुम्ही मशीन लावून सांगितलंत, मी अंगठ्यावर सांगितलं. ती हसली. पण पेपरवर लिहून घेतलं हं तिने, मी बघितलं!

मग गेले मालकांकडे. सरळ सांगितलं, त्या तीन गाड्या माझ्यामुळे परत आल्या, माझा डोळा गेलाय, रंग मिसळायचं टेबल दुसऱ्याला द्या. मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. खुर्चीतून उठले. म्हणाले, "ताई, मी फवाऱ्याची गन तीनदा बदलली. थिनरवाल्याशी भांडलो. कॉम्प्रेसर उघडून बघितला. तुमचा डोळा चुकेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही." आणि म्हणाले, "ऑपरेशन करून या. तोवर पांढरी गाडी घेत नाही मी." ऐकलंत? पांढरी गाडी घेत नाही! मी बाहेर येऊन चिंध्यांच्या ढिगाआड जाऊन रडले. डोळ्यांतून पाणी येतं म्हणून सांगितलं सगळ्यांना, मोतीबिंदूच आहे, कोण विचारतंय.

आणि सुनेच्या दुकानातही गेले, तशी सोडते की काय! गर्दीच्या वेळी गेले मुद्दाम. अंगठे वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या साहेबांना म्हटलं, हा रंग पांढरा आहे, चूक माझी आहे, हिची नजर शंभर टक्के बरोबर आहे, सव्वीस वर्षं रंगात काढलेली बाई सांगतेय! साहेब गडबडले. तेवढ्यात एका गिऱ्हाईक बाईने माझी नखं बघून विचारलं, "ही कुणी लावली हो?" पाच बाटल्या खपल्या तिथल्या तिथे. सून पर्मनंट झाली. आता मी आपली सांगत नाही कुणामुळे.

तर झालं ऑपरेशन उजव्या डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच पट्टी काढली, आणि काय सांगू, डॉक्टरचा कोट! असा पांढरा! मी म्हटलं, कोणती पावडर वापरता? रस्ताभर मी नुसती पांढरं बघत आले. शर्ट पांढरा, बस पांढरी, ढग पांढरा. घरी आले. ह्यांनी दार उघडलं. मी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि उभी राहिले.

हॉल जांभळा होता.

जांभळा! फिका, पण स्पष्ट, स्वच्छ जांभळा! चारी भिंती! म्हटलं, हे कुणी केलं? हे ट्यूबकडे बघतायत. सून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतेय. मी म्हटलं, अहो, दीड वर्षापूर्वी मी स्वतः मिसळला रंग, स्वतः उभी राहून मारून घेतला, पांढराशुभ्र मिसळला होता मी! आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. मला पांढरा पिवळा दिसायचा. म्हणून मी निळा घातला. अजून पिवळा, अजून निळा, थोडा तांबडा...

म्हटलं, दीड वर्षं तुम्ही जांभळ्या घरात राहिलात आणि एकाने तोंड उघडलं नाही? हे म्हणाले, "मला वाटलं, फॅशन असेल." सून म्हणाली, "आई, तुम्ही डबा हातात धरून उभ्या होतात. रंगातलं तुम्हाला कोण सांगणार?"

म्हटलं, बरं, आता सांगते ना मीच, ह्या रविवारी पुन्हा पांढरा मारू. तर काय म्हणावं? दोघंही नको म्हणाली! सवय झालीय म्हणे. प्रसन्न वाटतं म्हणे. आलेगेले विचारतात म्हणे, हा रंग कुठे मिळाला. मतं घेतली, दोन विरुद्ध एक. आता मी रोज संध्याकाळी त्या जांभळ्यात बसते, काढायची म्हणून खोड काढायला बघते, चारी भिंती न्याहाळते, ह्या नवीन लख्ख डोळ्याने... आणि सापडत नाही हो काही. एक ओघळ नाही!