दिव्यावरची काळी पट्टी

स्कूटर तयार व्हायची होती, म्हणून टेलरबाई गॅरेजच्या बाकावर बसून होत्या. समोर एका जुन्या गाडीपाशी बापलेक उभे होते. मेकॅनिक गाडीला मशीन जोडून बिघाडाचे कोड वाचत होता.

“इंजिन तापल्याचा कोड आहे. स्टिअरिंगसमोरचा धोक्याचा दिवा लागल्यापासून एकोणीसशे किलोमीटर पळवलीय गाडी.”

“बाबा, इतके दिवस तुम्हाला दिवा दिसला नाही?”

“लागलाच नाही रे.”

“लागलाय काका. त्याच्यावर चिकटपट्टी मारलीय कुणीतरी. ही बघा, काळी.”

“बाबा?”

“तुझ्या आईनं लावली असेल. दिवा दिसला की तिचा जीव खालीवर व्हायचा.”

“तिला हॉस्पिटलात नेताना गाडी पुलावर बंद पडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, अचानक झालं.”

“मला तरी काय माहीत, तिनं असं काही करून ठेवलंय! जाऊ दे. गेलेल्या माणसाला आता कशाला बोल लावायचा?”

टेलरबाईंची स्कूटर आली. त्या उठल्या नाहीत.

“बाबा, गुडघा वाकेनासा झाल्यापासून चार वर्षं आई मागच्याच सीटवर बसायची. पाय लांब करून.”