वाळूखालच्या हाका

ठमी : उंदीर नाही गं आई! वाळूच्या आतून येतोय आवाज. तूच कान लाव.

आई : मगरीच्या आवारात कुणी असं आडवं पडतं का? ऊठ आधी.

ठमी : पण मगर कुठेय इथे? तळं साफ करायचं म्हणून तूच तिला भिंतीपलीकडे हलवलीस ना?

आई : गप्प एक मिनिट... अगंबाई! पिल्लं आहेत.

ठमी : अंड्यातून ओरडतायत?

आई : हो. बाहेर यायची वेळ झाली की आतूनच आईला हाका मारतात. मग ती वाळू उकरून त्यांना वर काढते. आणि तिला मी पलीकडे कोंडून ठेवलंय! गेल्या वर्षी एकाही अंड्यातून पिल्लू आलं नाही, म्हणून यंदाचीही वायाच जाणार असं धरून चालले. इतकी वर्षं मगरी सांभाळतेय आणि ही माझी अक्कल!

ठमी : मग आपण उकरू. फावडं आणू?

आई : फावडं लागून एखादं फुटलं तर? आणि वर आल्यावर घारी-बगळ्यांपासून राखायला आईच लागते त्यांना.

ठमी : तो धाडधाड आवाज कसला?

आई : तीच. ऐकलंय तिने. फाटकावर डोकं आपटतेय.

ठमी : मग उघड ना फाटक!

आई : उघडते. पण इतके दिवस लांब होती, त्यात चिडलीय. पिल्लांना ओळखलंच नाही तर? चल, मचाणावर चढ. आणि माझा हात सोडायचा नाही.

(मचाणावरून फाटकाची साखळी ओढल्याचा, मग वाळूवरून काहीतरी जड सरकत गेल्याचा आवाज.)

ठमी : बाप रे, केवढी पळतेय! एरवी तर ओंडक्यासारखी पडून असते.

आई : ते ऊन खायला. तिचं अंग आपोआप गरम राहत नाही, उन्हात तापवावं लागतं.

ठमी : उकरतेय! निघालं एक! वीतभरच आहे गं... आई! खाल्लं! खाल्लं तिने त्याला!

आई : ओरडू नकोस.

ठमी : तोंडात घेतलं, मी पाहिलं! त्या जबड्यात हाडाचा भुगा होतो, तूच म्हणालीस!

आई : होतो. पण तिला उचलायला हात कुठेत? पिल्लाला तोंडातच धरून पाण्यापर्यंत नेते. म्हणजे... न्यायला हवं.

ठमी : पाण्यात शिरली. तोंड का उघडत नाही?

आई : माहीत नाही गं. उघड बाई. उघड ना!

ठमी : उघडलं! पोहतंय, आई! शेपटी हलवतंय!

आई : दिसतंय. दिसतंय गं मला. जीव भांड्यात पडला.

ठमी : परत वर आली. आता अख्खं अंडंच धरलंय तोंडात.

आई : त्या पिल्लाला कवच फोडता येत नसेल. जबड्यात घोळवून हलकेच फोडून देईल ती.

ठमी : आणि त्याला लागत नाही?

आई : किती दाबायचं ते तिला बरोबर कळतं.

ठमी : आणि तुला?

आई : मला काय?

ठमी : माझी बोटं बघ. पांढरी पडलीत.

आई : अगंबाई! दुखलं का गं? सोडते, सोडते.

ठमी : नको. राहू दे अजून थोडा वेळ.