कोरा सापळा

"पंखा वाढवा हो कुणीतरी."

"दाढ डावी की उजवी?"

"तुझ्या सापळ्यात साधा डाससुद्धा नाही, दादा."

दातांच्या दवाखान्यातल्या गलक्यात माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत बसले होते.

"मग बरंच की! आपल्या झाडांना तो परदेशी भुंगा लागलेला नाही."

"चिकट कागद महिनाभर झाडावर टांगलेला. शेजाऱ्यांच्या कागदावर माश्या, मुंग्या, पाकोळ्या. तुझा तेवढा कोरा."

"आमच्याकडचे डास शहाणे आहेत."

"कागद बदललास ना?"

"आली मोठी साहेबीण! सख्ख्या भावावर संशय?"

"भुंगा सापडला तर आमचं वनखातं बाबांनी लावलेली सगळी झाडं तोडेल, म्हणून बदललास."

"मी हातही लावला नाही."

"दाढ एवढी ठणकतेय, तरी खोटं बोलायला तोंड बरं उघडतं! आज मी नवा कागद लावणार आहे. तो तपासून होईपर्यंत तिथलं लाकूड बाहेर नेऊ नकोस. भुंगा लाकडातूनच जंगलात पोचतो."

"नाही नेत."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

"तुझी शपथ. काडीसुद्धा हलवलेली नाही."

ती दवाखान्यात यायच्या आधी मी त्याला दाराबाहेर त्याच्या टेम्पोतल्या ताज्या ओंडक्यांवर ताडपत्री ओढताना पाहिलं होतं.