मूकमंत्र आणि पितळी बटण

नाही नाही, तिथे नका बसू ताई, ती खुर्ची डुगडुगते — म्हणजे बसा, पडणार नाही तुम्ही, पण डुगडुगते. ग्रंथालयातल्या बाई ना तुम्ही? मुलांना गोष्टी वाचून दाखवता त्या? हां, आमचा मेहुणा म्हणाला होता येतील म्हणून. बाहेरची पाटी वाचलीत ना, 'गोष्ट सांगणारी व्यक्ती हवी, रविवारी दुपारी' — मी नाही लिहिली ती, आमच्या हिने लिहिली, अक्षर बघितलंत ना, मोत्यासारखं, माझं अक्षर गिऱ्हाइकांना विचारा, मापाच्या वहीत मी छाती लिहितो की कंबर ते माझं मलाच कळत नाही. पण खरं सांगू का, अगदी तुमच्या भल्यासाठी सांगतो — फार कटकटीचा खेळ आहे हो हा. तीन-तीन तास बसायचं. जिंकत-बिंकत कुणी नाही. आणि आम्ही खेळणारे म्हणजे कोण, तर एक मी टेलर, एक दातांचे डॉक्टर आणि एक मेहुणा. तो मेहुणाच घेऊन आला होता नियमांचं जाडजूड पुस्तक, अकरा वर्षं झाली त्याला.

टेबलाला हात नका लावू! — रागावलो नाही हो, खडू आहे, पुसेल म्हणून. कापड बेतायचं टेबल हे, यावरच खेळतो आम्ही. आमची ही या खडूनेच गुहा काढायची, तळी काढायची, खेळ संपला की ब्रश मारून टाकायचा, सोमवारी सकाळी मी यावर पँट बेतायला मोकळा. हे तळं आहे, ही नाव, हा पलीकडचा काठ. सात महिने झाले, पुसलं नाही. मी आता इस्त्रीच्या टेबलावर बेततो, अर्धं कापड खाली लोंबतं, पण चालतं, काही बिघडत नाही.

तर खेळ कसा — डॉक्टर योद्धा, म्हणजे नावाला योद्धा, राक्षस दिसला की पहिले पळणार हेच. मेहुणा चोर. आणि मी मोडणारा. म्हणजे काय, तर समोरचा जादूगार मंत्र म्हणायला लागला की तो पुरा व्हायच्या आत आपण तो मोडायचा. हे बघा, हे बटण. पितळी, जुन्या कोटाचं. सांगणारीने म्हटलं 'जादूगार हात वर करतो', की हे टेबलावर आपटायचं आणि ओरडायचं, 'मोडला!' मग तो मंत्र फुकट गेला. पण मेख अशी, की एका बैठकीत एकदाच. एकदा बटण पडलं की त्या दिवसापुरते तुमचे हात रिकामे, मग आभाळातून आग पडो नाहीतर काही होवो, मुकाट सोसायचं. म्हणून मी जपून असायचो. बारीकसारीक मंत्रांना तर अजिबात नाही. डॉक्टर आंधळे झाले, नाही टाकलं. मेहुण्याचा बेडूक झाला, नाही टाकलं. ते दोघं कंजूस मांत्रिक म्हणायचे मला. मी म्हणायचो, थांबा रे, मोठा येईल तेव्हा बघा. शेवटच्या बुरुजात काळा जादूगार असणार, त्याच्यासाठी ठेवलंय.

आणि गोष्ट सांगणारी आमची ही, ती अशी, की माझ्यासाठी थांबायची. मंत्राचं नाव घेण्याआधी दोन श्वास — बघायची माझ्याकडे — टाकतोस का? मग पुढे. नियमात नाही हो ते. हिचं आपलं.

थांबा हं, घंटी. आलोच.

— हिची उशी सरकली होती. गल्ल्यावरची घंटी ती, आता आत हिच्याजवळ असते. एकदा वाजली की 'इकडे या', दोनदा वाजली की 'चालू द्या', आणि तीनदा वाजली की 'पुरे करा बडबड'. तीनदाच जास्त वाजते म्हणा. काय? नाही, आजारी तशी नाही, जरा दमते, बाकी — बोलत नाही. म्हणजे बोलता येत नाही. घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढलं. आता बरी आहे, दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात सगळं निघालंय, जेवते, फिरते, परवा माझ्याशी पाटीवर लिहून भांडली. तुम्हाला म्हणून सांगतो, काय आवाज होता ताई! एकाच दुपारी राक्षस, राणी, कुत्रा, दारावरचा पहारेकरी — समोर गिऱ्हाईक उभं असायचं आणि विचारायचं, आत किती पाहुणे आलेत? एक यंत्र मिळतं, गळ्याला लावून बोलायचं. आणलं होतं. एकदा लावलं हिने, माझं नाव घेतलं, आणि — माझं तोंड कसं झालं कुणास ठाऊक, मी तर हसायलाच गेलो होतो — हिने बघितलं आणि ते कपाटात ठेवून दिलं. त्यानंतर नाही काढलं.

हे कशाला सांगतोय मी तुम्हाला. पाणी घेणार? नको? बरं.

त्या रविवारचं सांगतो, म्हणजे गोष्ट कुठे थांबलीय ते कळेल तुम्हाला. आम्ही या तळ्यात. नाव वल्हवायला एक म्हातारी नावाडीण, तिचं बोलणं ही करायची, खर्जातलं, खोकत खोकत — खोकला खरा होता हो, दोन महिने होता, आम्हाला वाटलं काय झकास करते. काठावर एक फाटका जादूगार उभा राहतो, हात वर करतो. ही थांबली. बघितलं माझ्याकडे. दोन श्वास नाही, चांगले चार-पाच. मी विचारलं, 'कुठला मंत्र गं?' म्हणाली, 'मूकमंत्र. म्हातारीवर.' आता मूकमंत्र म्हणजे अगदीच किरकोळ, दहा मिनिटं बोलता येत नाही, बस. डॉक्टर म्हणाले टाका हो बटण, बिचारी म्हातारी. आणि मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, 'जाऊ दे रे, म्हातारी बोलली नाही तर काय अडलंय? नाव वल्ह्याने चालते, तोंडाने नाही.'

हसले सगळे. हीसुद्धा हसली. सगळ्यात जास्त हीच हसली. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, आज इथेच थांबू या.

हिला गुरुवारीच कळलं होतं ताई. घशाचा रिपोर्ट त्याआधीच्या गुरुवारी आला होता. एकटीने आणला, एकटीने पर्समध्ये ठेवला. मला मंगळवारी सांगितलं, शर्टाला काजं करता करता, सुईवरून नजर न उचलता — पुढच्या सोमवारी ऑपरेशन, आवाज जाणार. सहा दिवस राहिले होते. सहा दिवस! शहाणा माणूस काय करेल? ऐकत बसेल. हिला म्हणेल, बोल, काहीही बोल, दुधाचा हिशेब बोल, मला शिव्या दे. आणि त्या सहा दिवसांत बोललं कोण? मी! भीती वाटली की माझं तोंड सुटतं, थांबतच नाही — सगळं ठीक होईल, अमक्याच्या मावशीचं झालं, हल्ली विज्ञान किती पुढे गेलंय — ही तोंड उघडायची आणि मी मध्ये बोलायचो. हिचं शेवटचं वाक्य काय माहितीये? स्ट्रेचरवर. 'इस्त्री बंद केलीस का?' आणि त्यालाही मी मोठं लांबलचक उत्तर दिलं.

बघू नका असं. मी ठीक आहे. सवय आहे मला.

आणि ही वही. हिची. सांगणाऱ्याची वही खेळणाऱ्याने वाचायची नसते, ती चोरी. मी वाचली. ही दवाखान्यात होती, मी विम्याचे कागद शोधत होतो — खोटं कशाला बोलू, वहीच शोधत होतो, हिचं काहीतरी ऐकायचं होतं. या पानावर पेन्सिलीने बघा काय लिहिलंय. 'मूकमंत्र. इथे हा नक्की बटण टाकेल. टाकलं की थांबायचं. सगळ्यांना पाणी द्यायचं. मग सांगायचं.' पुढचं पान कोरं आहे ताई. बुरूज नाही. काळा जादूगार नाही. मी अकरा वर्षं ज्याच्यासाठी बटण जपलं, तो कुठे नव्हताच. हिने तो फाटका जादूगार माझ्यासाठी उभा केला होता. 'नक्की' असं लिहिलंय. नक्की.

आता पाटीवर लिहून म्हणते, गोष्ट पुरी करा. त्या रविवारच्या पानापासून नवीन माणसाने वाचायचं, पुढचं त्याने रचायचं, आणि म्हातारी हीच खेळणार, मुकी. मी म्हटलं कशाला, झालं तेवढं पुष्कळ झालं. हिने पाटी लिहिली आणि स्वतः जाऊन दारावर लावली. तर घ्या वही. आत ऐकू जाईल असं वाचा, ती कान लावून बसली असेल. इथून, 'धुकं उतरलं' पासून. हं. करा सुरुवात.

मोडला!

— अरे देवा. लागलं का तुमच्या बोटांना? माफ करा ताई, हात आपोआपच — तुम्ही छान वाचत होता हो, फार छान, चूक नाही तुमची काही, पण ते 'धुकं उतरलं' ही असं नाही म्हणायची, ही 'धुकं' म्हणून थांबायची, आणि — नाही. नाही जमणार मला. द्या वही इकडे. तुम्ही या आता. पाटी काढून टाकतो मी, हिला सांगतो बाईंना वेळ नाही. तुमचे रविवार कशाला फुकट घालवताय, या तुम्ही, छत्री राहील बघा तुमची—

घंटी.

दोनदा. दोनदा वाजली ना? तुम्हीही ऐकलंत.

अगं, अगं त्यांना काम आहे—

परत दोनदा.

बरं. बसा ताई. बसा, डुगडुगली तरी बसा. ही घ्या वही. आता तर मला थांबवताही येणार नाही तुम्हाला, बटण पडलं माझं, एका बैठकीत एकदाच. तर मंत्र लागेपर्यंत म्हातारीचा आवाज जरा खालचा लावा, आणि मंत्राच्या आधी तेवढे दोन श्वास थांबा, विसरू नका, आणि ते धुक्याचं मी म्हणालो तसं, म्हणजे कसं, की आधी—

तीनदा.

हो गं. बसलो गप्प.